घरची चूल, गावाची भट्टी

बायकोने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डेग घासणं.

तांब्याची डेग. बकरा अख्खा आत बसेल एवढी. ती खळ्यात आडवी पाडायची आणि एकाने आत शिरून घासायचं. बाहेरून मी आणि आतून ती, हे ठरलेलं. माझं पोट आत जाणार नाही, असं ती चारचौघांत सांगायची. आमसुलं पाण्यात भिजवून कुस्करायची, त्यात राख घालायची आणि नारळाच्या काथ्याने रगडायचं. इथले लोक सुक्या लिंबाने घासतात. तिला ते कधी पटलं नाही. "लिंबानं चकाकतं. आमसुलानं निघतं," म्हणायची. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला आमसुलं आणायला लावायची. एकाने आमसुलं विसरून मिठाईचा बॉक्स आणला, तर त्याला चहासुद्धा विचारला नाही.

जूनचे दिवस होते. दुपारनंतरची असरची नमाज झाली होती, पण ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. आम्ही भिंतीच्या सावलीत डेग ओढून घेतली होती.

"अवो, कडेला राहिलंय," ती आतून म्हणाली.

"तुला आत बसून बाहेरचं दिसतं काय गो?"

"बाहेर तुम्ही हाय ना, म्हणून म्हटलं. राहिलं असणारच."

"तू आतलं बघ."

"आतलंच बघतेय. खारीक आत शिजते. बाहेरून डेग कितीबी चमकली तरी तिची काय वरात काढायची नाय."

डेगीतून तिचा आवाज घुमून यायचा. मशिदीच्या भोंग्यासारखा येतो, असं मी म्हणालो. "मग ऐकत जा," म्हणाली.

तळाला एक काळा पट्टा राहिला. गेल्या हंगामाचा करपलेला होता, निघत नव्हता. तिचं मनगट भरून आलं. बाहेर आली, पाठ सरळ केली, म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सकाळी फजर झाली की करू, डेग चढवायच्या आधी." उरलेला आमसुलाचा लगदा परातीत काढला, वर ताटली झाकली, मांजराने उघडू नये म्हणून ताटलीवर दगड ठेवला. मग हात धुतले आणि आम्ही चहा प्यायलो.

ही डेग कसली, ते सांगतो.

ओमानात, मस्कतजवळच्या बरक्याला समुद्र आहे, मासळीबाजार आहे, ते सगळे बघतात. तिथून आत डोंगराच्या बाजूला गेलं की खजुरीच्या बागा लागतात. त्यातली एक आमच्या अर्बाबची. अर्बाब म्हणजे मालक. पण तो म्हातारा झाला आणि मीही झालो, तेव्हा त्या शब्दातला धाक कधीच निघून गेला होता. तो मला रफीक म्हणायचा. रफीक म्हणजे दोस्त. इथे कुठल्याही मजुराला त्याच नावाने हाक मारतात, त्यात काही विशेष नाही. पण एकाच माणसाने जन्मभर तीच हाक मारली की हळूहळू ती खरी होते.

मी रत्नागिरीकडून आधी आलो, बागेच्या कामाला. अर्बाबच्या आईला हाताखाली बाई पाहिजे झाली तेव्हा ही आली. बागेच्या कडेलाच आम्हाला दोन खोल्या दिल्या, समोर खळं आणि खळ्यापलीकडे भट्टी.

मबसली नावाचा खजूर असतो. तो पिवळा आणि कडक असतानाच उतरवायचा, उकळत्या पाण्यात शिजवायचा आणि उन्हात वाळवायचा. झाली खारीक. आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवात जाते ती ही. आमच्यात निकाह लागला की मांडवात खारका वाटतात. माझ्या निकाहला वाटल्या, त्याही इथल्याच कुठल्या तरी भट्टीतून बोटीने आलेल्या असणार. ही म्हणायची, "तुमच्या आधी ही भट्टी माझ्या लग्नाला आली होती. तुम्ही उशिरा आलात." ते मात्र खरं. आमची वरात उशिरा पोचली होती.

आम्ही आलो तेव्हा खजूर शिजवायचे दिवस म्हणजे गावाची जत्राच असायची. पहाटे माणसं झाडांवर चढायची. खाली बायका पडलेला माल गोळा करायच्या आणि गायच्या. एकीने ओळ उचलायची, दुसऱ्या बाजूने ती झेलायची. भट्टीत सुक्या झावळ्या आणि झावळ्यांचे बुडखे जळायचे. खजुराचा एक भाग शिजवायला, दुसरा भाग जाळायला, वाया काहीच जायचं नाही. मुलं गरम खारका दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची आणि दिवसभर माळ खात फिरायची. अर्बाबच्या आईने हिला डेग घासायला शिकवलं. आमसुलाचं हिने तिला शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तेव्हाही भांडायच्या झकास.

मग ते सगळं ओसरलं. पोरं मस्कतला नोकऱ्यांना गेली. कच्चा माल फॅक्टरीची गाडी येऊन उचलायला लागली. एकेक भट्टी पडली. आजूबाजूच्या बागा बघा तुम्ही. झाडं तोडून स्विमिंग पूल खणलेत, हिरव्या प्लॅस्टिकचं गवत टाकलंय, आणि गुरुवारी संध्याकाळी लोक भाड्याने घेऊन रात्रभर गाणी लावतात. त्यालाही फार्मच म्हणतात.

अर्बाबचा थोरला मुलगा मस्कतमधल्या कुरुमला मोठ्या ऑफिसात आहे. माणूस वाईट नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. भट्टीची जागा बागेच्या मधोमध आहे, भट्टी पाडू, तिथे पूल करू, बाबांना त्रास नको. त्याच्या मुलीचं, म्हणजे अर्बाबच्या नातीचं, म्हणणं वेगळं होतं. ती मस्कतला कॉलेज करून आलेली. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराला ती एक दिवस आमच्या खळ्यात येऊन बसली आणि हिला म्हणाली, "चाची, लोक किल्ले बघायला येतात, वाळवंटात उंटावर बसायला येतात. खजूर शिजवताना बघायला येतील का?"

ही म्हणाली, "बघायला कशाला? कामाला आणा. बघून काय समजतं?"

तसंच झालं. गावातली पाच-सहा घरं तयार झाली. एका घरात झावळ्यांच्या चटया विणून दाखवायच्या, एका घरात कॉफी. एक म्हातारा फलजचं पाणी कसं वाटून घेतात ते सांगायचा. डोंगरातून पाटाने येणारं पाणी, त्याला फलज म्हणतात, आणि ते कोणाच्या बागेत किती वेळ सोडायचं ते तो सावलीवरून ठरवायचा. आणि शेवटी आमची भट्टी. जे येईल ते घराघरांत वाटून घ्यायचं. मस्कतच्या हॉटेलवाल्याला मधे घ्यायचं नाही, हे नातीने पहिल्याच दिवशी सांगितलं.

अडलं ते गाण्याशी. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, परक्या माणसांसमोर आम्ही गाणार नाही. कॅमेरे घेऊन येतात मेले. नातीने समजावलं, अर्बाबने निरोप पाठवला, कुणी ऐकेना. मग ही घरोघर गेली. मी बरोबर होतो, बाहेर उभा. ही त्यांना म्हणाली, "लोकांसमोर गाऊ नका. डेगीसमोर गा. लोकांना ऐकू आलं तर येऊ दे." आणि बायका आल्या. लोकांकडे पाठ करून, डेगीकडे तोंड करून गायल्या. अजूनही तशाच गातात. येणारे पाहुणे समजतात की तीच इथली रीत आहे. आता आहेच.

मधेच ही आमच्या कोकणी हळदीची गाणी घुसवायची. चाल वेगळी, भाषा वेगळी, पण टाळी एकच. आमच्या गावात आता हळदीला डीजे लावतात. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा एका लग्नात हिने तोंड उघडलं, तर पोरी मोबाईलमध्ये शूटिंग करायला लागल्या, गायला एकही आली नाही. हिने तिथेच गाणं बंद केलं. घरी येऊन म्हणाली, "आपलं ऱ्हायलं नाय. तिकडचं तरी ऱ्हाऊ दे." माझ्या मते तेव्हाच तिने भट्टी अंगावर घेतली. आपलं आणि त्यांचं, असा हिशोब ती करत नव्हती. चांगली चीज मरू द्यायची नाही, एवढंच तिचं.

पाहुण्यांच्या गमती सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. एकदा मस्कतच्या कुरुम आणि अल मवालेह भागात राहणारी पुण्या-मुंबईची आपली मंडळी आली, बस भरून. एक बाई हिला ओमानी समजून इंग्रजीत विचारत होत्या. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मराठीत विचारा. माझं इंग्लिश कच्चं हाय."

बाई उडाल्याच. "अहो, तुम्ही इथे कशा?"

"तुम्ही कशा?"

"आमचे मिस्टर इथे नोकरीला आहेत."

"माझे पण. ते बघा, लाकडं टाकतायत."

मग त्या बाई म्हणाल्या, डिंकाच्या लाडवातली खारीक ही अशी होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, आम्ही अल मवालेहच्या मार्केटातून पाकीट आणतो. त्यांची मुलं आपसात इंग्रजी बोलत उभी होती. हिने त्यांच्या हातात सुई-दोरा दिला आणि गरम खारकांची पाटी पुढे सरकवली. "ओवा." मुलांनी बोटं पोळून घेतली, पण जाताना प्रत्येकाच्या गळ्यात माळ होती. त्यातली एक पोरगी अडखळत म्हणाली, "आज्जी, मी... परत येणार." ही म्हणाली, "ये. पण मराठी घेऊन ये."

तर असं दोन-तीन वर्षं चाललं. पण दर वर्षी कुरुमहून तोच प्रश्न. शेवटी थोरल्याने बापाला स्पष्ट सांगितलं, या हंगामात भट्टी पेटली, लोक आले, तर पुढच्या वर्षी मी विषय काढणार नाही. नाही पेटली तर हंगाम संपल्यावर जेसीबी आणतो. अर्बाबने मान हलवली. मग सगळं लागलं त्या एका हंगामावर. ही तर हट्टालाच पेटली. नातीने मस्कतहून बस ठरवली, आपलीच मराठी मंडळी होती, पुन्हा येणारी. सगळा माल एका दिवशी उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांसमोर शिजवायचा, असा बेत. उतरवलेला मबसली फार थांबत नाही. मऊ पडला की खारीक होत नाही, गुरांना घालावा लागतो.

माल उतरवायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही डेग घासली. ती सुरुवातीला सांगितली, तीच संध्याकाळ.

पहाटे माणसं झाडांवर चढली होती. पिवळे घोस दोराने खाली येत होते. ही नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला उठली, उंबऱ्याशी आली आणि तिथेच बसली. म्हणाली, "अवो, जरा पाणी द्या." मी पाणी आणलं. तिने तांब्या हातात घेतला नाही. बाकी सांगण्यासारखं काही नाही. दवाखाना येईपर्यंत गाडीतच संपलं होतं.

कागदपत्रांची धावपळ थोरल्याने केली. कुरुमहून तो इतक्या लवकर कसा पोचला मला कळलं नाही. त्याने सगळे सह्या-शिक्के केले, म्हणून असरला दफन करता आलं. गावातल्याच कब्रस्तानात, अर्बाबच्या आईपासून फार लांब नाही. आमची मुलगी फोनवर रडत होती, अब्बा, थांबवा, मी येते. मी म्हटलं, कशाला थांबवू? तुझी आई कुणासाठी थांबणारी बाई होती काय? कबरीत मी उतरलो. वरून चादर अर्बाबने धरली होती.

परत आलो तर खळ्यात खजुराचे पिवळे ढीग पडलेले. कुणी हात लावला नव्हता. डेग भिंतीशी आडवी. भट्टीसमोर झावळ्या रचलेल्या. लोक ताजियतीला, म्हणजे दुखवट्याला, अर्बाबच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत बसले होते. मी अर्बाबच्या शेजारी बसलो. सूर्य मावळायला आला, मगरिबच्या आधी त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भट्टी पेटणार नाही, रफीक. मी सांगून ठेवलंय."

मला वाटलं, मालकाची मर्जी. त्याच्या बागेत मयत झालीय, तो म्हणतो तर आपण कोण.

तो म्हणाला, "तुझी आई गेली होती, तेव्हा तू सांगितलं होतंस. मी विसरलो नाही."

मला आठवलं. फार जुनी गोष्ट. माझी आई गावी वारली आणि मला जायला मिळालं नाही. तेव्हा मी इथे माझी चूल तीन दिवस पेटवली नव्हती. आमच्या कोकणात तशी रीत आहे, मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. शेजारचे हिंदूही तेच करतात, त्यात धर्माचं काही नाही, माणुसकीचं आहे. अर्बाबने तेव्हा विचारलं होतं, रफीक, तुझ्याकडे धूर का नाही? मी सांगितलं. तीन दिवस त्याच्या घरून माझं ताट आलं. त्याने ते लक्षात ठेवलं होतं. आणि आता माझ्या रिवाजासाठी त्याने भट्टी बंद ठेवली होती.

थोरला समोर फोनवर होता. बस रद्द करत होता. फोन ठेवून माझ्याकडे आला, वाकला, म्हणाला, "चाचा, तुम्ही कसलीच काळजी करू नका. हे सगळं तुमच्यासाठी थांबवलंय. खजूर आम्ही बघतो, शेळ्यांना घालू."

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनात जेसीबी नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. खोट्या माणसाला शिवी देता येते. प्रेमाने कुणी गळा दाबला तर काय करायचं? हिने जी भट्टी जिवंत ठेवायला जीव आटवला, ती हिच्याच मयतीच्या निमित्ताने विझणार होती. आणि उद्या पेटली नाही की करारच संपला. थोरला शब्दाचा पक्का. त्याला नंतर बापाशी भांडायचीही गरज पडली नसती.

तरी मी गप्प बसलो. लेक सासरी गेलेल्या घरात माणूस जसा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो, तसा मी अर्बाबच्या तोंडाकडे बघत होतो. आणि तो माझ्या.

मगरिब झाल्यावर मी खोलीवर आलो. नात ताट घेऊन आली. भात आणि मासळी. डोळे सुजलेले. ताट ठेवून ती उंबऱ्याबाहेर बसली.

"चाचा, जेवा थोडं."

"बायका काय म्हणतात?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"गाणाऱ्या."

"विचारत होत्या, उद्या यायचं का. मी म्हटलं, नाही, चाचांकडे रिवाज आहे, तीन दिवस आग नाही. त्या म्हणाल्या, रफीकने सांगितलं तर येऊ. त्याच्याशिवाय नाही."

"आणि तुझे आजोबा?"

"ते म्हणतात, रफीक बोलला तरच. मी विचारणार नाही, त्याला दुःख होईल."

मला हसू आलं. खरंच आलं. बायको पुरून आलेला माणूस हसतोय म्हटल्यावर पोरगी घाबरली. पण हसण्यासारखंच होतं. सगळं गाव माझ्यासाठी थांबलं होतं, आणि मी गावासाठी. मी म्हणत होतो मालकाची मर्जी, मालक म्हणत होता रफीकचा रिवाज. दोघं म्हातारे एकमेकांची मर्जी सांभाळत बसलो असतो आणि खळ्यात माल सडला असता. ही असती तर दोघांना एकाच डेगीत घातलं असतं.

"ही चूल बघ," मी नातीला आतलं दाखवलं. गॅसची शेगडी होती. "ही तीन दिवस पेटणार नाही. चहा तुमच्याकडचा. बरोबर?"

"बरोबर."

"भट्टी कुणाची?"

"आजोबांची."

"त्यांना कुणी दिली?"

"त्यांच्या आजोबांनी. पण लाकडं सगळ्या गावाची असतात."

"मग माझा रिवाज गावाच्या भट्टीला कसा लागतो गो? चुलीला रिवाज आहे. भट्टीला नाही. मी कोकणात आजवर ऐकलेलं नाही की एका घरी मयत झाली म्हणून अख्ख्या गावाने चुली विझवल्या. विझवल्या तर मयताच्या घरी जेवण कुठून आणतील?"

ती डोळे पुसून उठली. "बाबांनी बस रद्द केलीय."

"मग परत सांग. ती मंडळी आपली आहेत. यायचं तर येतील. नाही आली तरी माल शिजणार."

"आजोबांना कोण सांगणार?"

"सकाळी त्यांना आवाज ऐकू येईल."

ती गेल्यावर मी थोडा भात खाल्ला. तिच्या जागेवर बसून खाल्ला, कारण माझी जागा दाराकडे तोंड करून आहे आणि मला खळ्याकडे बघायचं नव्हतं.

सकाळी फजर करून आलो. परातीवर ताटली तशीच होती, ताटलीवर दगड तसाच. आमसुलाचा लगदा घट्ट झाला होता. थोडं पाणी घालून सैल केला, राख मिसळली, काथ्या घेतला आणि डेगीपाशी गेलो. तळाचा पट्टा काळाच होता. आत हात पोचेना. मग खाली बसलो आणि डेगीत शिरलो.

पोट सहज गेलं. इतकी वर्षं माझं पोट जात नाही म्हणून सांगत होती, ते मला आत घेऊ नये म्हणून. तिला ते काम माझ्या हातात द्यायचंच नव्हतं. माझ्या घासण्यावर भरवसा नव्हता.

मी रगडायला लागलो. तांब्यावर काथ्या घासला की डेगीच्या आत असा आवाज होतो की दुसरं काही ऐकू येत नाही. रडायला ती जागा बरी. पण रडायला लागलं की हात थांबतो, म्हणून आधी पट्टा काढला.

बाहेर पाय दिसले. अर्बाबचे होते, चपला उलट्यासुलट्या घातलेल्या.

"रफीक. काय करतोस आत?"

"पट्टा राहिलाय."

"कसला पट्टा?"

"परवाचा. सकाळी करू म्हणाली होती."

मी बाहेर आलो. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. अरबीत सगळ्यांनाच तू म्हणतात, मालकालाही, त्यामुळे मला सरळ बोलता येतं.

"अर्बाब, तीन दिवस माझ्या खोलीत काडी ओढणार नाही. तुझ्या घरचं खाईन. तू माझी रीत पाळलीस, मी विसरणार नाही. पण ही भट्टी माझ्या घरात नाही. ही पेटणार."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाईट वाटतंयच. भट्टी विझवून कमी होणार आहे काय?"

तो ढिगाकडे गेला. एक खजूर उचलला, बोटांत दाबून बघितला. अजून कडक होता. मग घराकडे तोंड करून त्याने थोरल्याला हाक मारली, अशी की झाडांवरचे कावळे उडाले. थोरला रात्री इथेच राहिला होता. झोपेतून उठून आला, बापाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. अंगातला पायघोळ डिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचला आणि डेगीचा एक कान धरला. दुसरा मी धरला. अर्बाब मधे हात लावून होता, त्याने उचललं काहीच नाही, पण यल्ला यल्ला करत राहिला.

डेग भट्टीवर बसली. पाटाचं पाणी आणून थोरल्याने भरली. मी झावळ्या आत सारल्या, बुडखे मागे लावले. काडेपेटी माझ्या खोलीत होती. ती आणली नाही. अर्बाबकडे हात पुढे केला. त्याने खिशातून लायटर काढला आणि मला देता देता थांबला, स्वतःच वाकला आणि झावळीला लावला.

धूर निघाला तसं गावाला कळलं. थोड्या वेळाने भिंतीच्या खिंडारातून बायका आत आल्या, सगळ्या काळ्या अबायात, आणि उन्हात उभ्या राहिल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी पुढे आली.

"रफीक, आज कामाला आलोय. गाणार नाही."

"का?"

"तिची ओळ कोण झेलणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "लोकांसमोर गाऊ नका. माझ्यासमोरही नको. डेगीसमोर गा."

ती वळली आणि डेगीकडे तोंड करून उभी राहिली. बाकीच्या तिच्या मागे.

नात फोन कानाला लावून खळ्याच्या टोकाला फेऱ्या मारत होती. तिने लांबूनच हात वर केला, तो बस येतेय म्हणून की अजून ठरत नाही म्हणून, ते मला धुरातून दिसलं नाही. मी विचारायलाही गेलो नाही. पाण्याला कडेने बुडबुडे धरायला लागले होते.

उकळी फुटली तशी पहिली टोपली मी उचलली आणि डेगीत ओतली. मग झारा घेऊन तिच्या जागी उभा राहिलो. खारीक शिजत असताना जागा सोडायची नसते.